मदत हवी आहे: आर मध्ये जर्मन, पोलिश, क्रोएशियन तारखा वाचताना महिने चुकतायत

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत मास्टर्स करतेय, आकडेमोड आर या प्रोग्रामिंग भाषेत करते, थीसिस झाडांच्या वेळापत्रकावर आहे, म्हणजे सफरचंदाला बहर कधी आला, बर्चची पानं कधी गळली अशा नोंदी. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं वहीत हाताने लिहिलेल्या, नंतर कुणीतरी एक्सेलमध्ये चढवलेल्या, आणि प्रत्येकाने महिना आपापल्या भाषेत लिहिलाय: जर्मन, फ्रेंच, पोलिश, क्रोएशियन. माझ्या कामात तारीख हाच मुख्य आकडा आहे, तोच चुकला तर बाकी सगळं फुकट.

पहिला घोळ असा झाला की लॅपटॉप इंग्लिशवर होता, मजकुराची तारीख करणाऱ्या अ‍ॅज-डेटला टक्का-डी, टिंब, टक्का-कॅपिटल-बी, टक्का-कॅपिटल-वाय (म्हणजे दिवस, महिन्याचं नाव, वर्ष) असा फॉरमॅट दिला आणि बऱ्याच तारखा नीट आल्या, थोड्या एनए (म्हणजे रिकाम्या) झाल्या, मी म्हटलं असतील काही खराब ओळी. पण जर्मनमध्ये एप्रिल, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर या चारच महिन्यांचं स्पेलिंग इंग्लिशसारखं आहे, फक्त तेवढेच आत आले! मे महिना जर्मन लोक एम-ए-आय लिहितात, तो अख्खा गळला. सफरचंद तर एप्रिल-मे मध्येच फुलतं, त्यामुळे सरासरी आपोआप अलीकडे सरकली आणि वसंत लवकर येतोय असं मी गाइडना सांगणारच होते. नुसतं ना आरएम करून, म्हणजे एनए वगळून, पुढे गेले असते तर कळलंही नसतं.

मग सेटलोकेलने एलसी-टाइम, म्हणजे तारखांसाठीचं लोकेल (भाषेची सेटिंग), जर्मन केलं, माझ्या विंडोजवर चाललं, डिपार्टमेंटच्या लिनक्स सर्व्हरवर वॉर्निंग आली की ही मागणी पुरी करता येत नाही, कारण तिथे ते लोकेल टाकलेलंच नाही आणि ते टाकायची परवानगी मला नाही. म्हणून रीड-आर पॅकेज घेतलं, त्यात महिन्यांची नावं पॅकेजसोबतच येतात, आणि एक लूप लिहिला: आधी जर्मन, मग फ्रेंच, मग पोलिश, मग क्रोएशियन, जी भाषा आधी जुळेल ती घ्यायची. एनए जवळजवळ संपले, खूप बरं वाटलं.

आणि काल रात्री बघते तर क्रोएशियातली बर्चची पानं सगळीकडे नोव्हेंबरात गळतायत, ऑक्टोबरची एकही नोंद नाही. हे कसं शक्य आहे? लूपमध्येच काहीतरी आहे का? आणि दुसरं, शेवटी या स्वयंसेवकांना त्यांच्याच भाषेत तारीख घालून पत्रं पाठवायची आहेत, ते आर मधून कसं करू? जूनअखेर डेडलाइन आहे, प्लीज कुणीतरी बघा.

प्रतिसाद:

ताई, लूप काढून टाका, चूक तिथेच आहे. लिस्तोपाद म्हणजे पानगळ, आणि हा शब्द पोलिश-चेकमध्ये नोव्हेंबर, क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. आपला श्रावण आणि उत्तरेतला सावन पंधरा दिवसांनी मागेपुढे असतात ना, तसंच, फक्त इथे अख्खा महिना. तारखेत तर पोलिश आणि क्रोएशियन दोन्हीकडे ‘लिस्तोपादा’ असंच लिहितात, त्यामुळे तुमच्या पोलिशने तो आधीच उचलला. भाषा शब्दावरून ओळखायचीच नाही, देशाच्या कॉलमवरून ठरवायची.

मी तर लोकेलवर विसंबतच नाही. देश आणि महिन्याचा शब्द या जोडीची वेगळी यादी काढा, युनिक केल्यावर फार मोठी राहणार नाही, समोर हाताने आकडा लिहा आणि मूळ डेटाला जॉइन मारा. ऑस्ट्रियावाले जानेवारीला येनर म्हणतात तेही त्यात बसेल, आणि मार्चच्या मधला स्वर गाळून नुसती तीन व्यंजनं लिहिणारे जर्मनसुद्धा. फ्रेंचमध्ये मात्र जपा, जून आणि जुलै दोन्हीची पहिली तीन अक्षरं जे-यू-आय, कुणी तेवढंच लिहिलं असेल तर अंदाज करू नका. आणि एक तारखेला ते आकड्यापुढे ई-आर लावतात, ते आधी काढा.

पत्रांसाठी स्ट्रिंग-आय पॅकेजमधलं डेटटाइम-फॉरमॅट वापरा, भाषा तिथेच देता येते आणि सर्व्हरवर लोकेल नसलं तरी चालतं. फक्त पोलिश, क्रोएशियनला दिवसासोबत महिन्याचं रूप बदलतं, ते चार कॅपिटल एम दिले की येतं, नुसतं महिन्याचं नाव शीर्षकात हवं असेल तर चार कॅपिटल एल.

धागाकर्ती:

खूप खूप आभार! सकाळपासून यादीच करत होते. क्रोएशियाचा ऑक्टोबर परत आला, आणि मे जोडल्यावर सफरचंदाची सरासरी पुढे गेली, वसंत लवकर आल्याचं ते वाक्य काढून टाकलंय. पोलिश पत्राचा नमुना इथल्या एका पोलिश मैत्रिणीला दाखवला, तारीख बरोबर आहे म्हणाली. फ्रेंचच्या जे-यू-आय वाल्या अकरा ओळी निघाल्या, त्या कोऱ्या ठेवल्यात, वह्यांचे स्कॅन मागवलेत, आले की एकेक बघते.