'प्रेशर टेस्ट'च्या नावाखाली

वर एकांनी लिहिलंय की नोकरीच्या मुलाखतीत मुलाखत घेणारा मुद्दाम तोडून बोलतो, मोबाईल चाळत बसतो, ते उमेदवार दबावाखाली कसा वागतो हे बघायला. नाही पटलं. दबाव तपासायचाच असेल तर अवघड प्रश्न द्या, वेळ बांधून द्या. अपमानाची काय गरज? आणि खरंच चाचणी असेल तर त्यातून काय दिसलं याची कुठेतरी नोंद हवी ना! मी पॅनलवर असताना एका सहकाऱ्याने असाच प्रकार केला. उमेदवाराचं वाक्य पुरं होऊ देईना, वर 'इतकंही येत नाही?' हे पालुपद. नंतर गुण भरताना त्याला 'प्रेशर हँडलिंग'चा रकाना दाखवला, तर तो कोरा. सीव्हीसुद्धा त्याने तिथे बसल्यावरच उघडला होता.

मुलाखत कशी घ्यावी यावर संशोधन भरपूर झालंय. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर पुढच्या कामगिरीचा अंदाज मनाला येईल ते विचारण्यापेक्षा चांगला येतो, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये सॅकेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी कुठल्या पद्धतीने अंदाज किती बरोबर येतो याचे ते आकडे नव्याने तपासले. निवडीच्या बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण अशी आखीव मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली.

त्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल टाकून माघार घेतली. एचआरच्या फाईलमध्ये कारण पडलं, 'उमेदवार इच्छुक नाही'.