थंडी आणि आडव्या वाऱ्यातली ५० मीटर रायफल: क्लिक द्यावी की वाऱ्याची वाट पाहावी?

प्रश्नकर्ता: माळावरचा_नेमबाज (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन खेळतो, म्हणजे नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथे पडून) आणि स्टँडिंग (उभे राहून) अशा तीन पवित्र्यांत. सोलापुरात माझा रोजचा सराव १० मीटरच्या बंद रेंजवर होतो आणि ५० मीटरसाठी अधूनमधून पुण्याला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जावे लागते. गेल्या हिवाळ्यात दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर खेळण्याची संधी मिळाली, तेव्हा जे दिसले त्याविषयी येथील जाणकारांना विचारायचे आहे.

सकाळच्या डिटेलला (खेळाडूंच्या तुकडीच्या पाळीला) बोटे आखडतील इतकी थंडी होती आणि सूर्य धुक्याआड होता. नीलिंग व्यवस्थित पार पडले. प्रोनला आडवा झालो तेव्हा डावीकडून वारा सुटला आणि गोळ्या उजवीकडे आठ गुणांच्या वर्तुळात जाऊ लागल्या; त्याप्रमाणे साइटला क्लिक दिल्या, म्हणजे नेम धरायच्या साइटचा स्क्रू खटक्या-खटक्याने फिरवून ती सरकवली, तर पुढच्याच गोळ्या डावीकडे नऊमध्ये पडल्या. आपल्याकडे दहा वाजल्यानंतर स्पॉटिंग स्कोपमधून (टार्गेट पाहायच्या दुर्बिणीतून) तापलेल्या हवेची लहर स्पष्ट वाहताना दिसते आणि वाऱ्याचा अंदाज मी तिच्यावरूनच घेत आलो आहे. तिथे ती लहर जवळपास दिसतच नव्हती.

यंदा पुन्हा हिवाळ्यात उत्तरेकडे जायचे आहे. थंड हवेत गोळी वाऱ्याने जास्त सरकते का? अशा वेळी क्लिक द्यावी, नेम थोडा बाजूला धरावा की वाऱ्याची वाट पाहावी? आणि सोलापुरात बसून, ५० मीटरची रेंज हाताशी नसताना, याची तयारी कशी करावी?

उत्तर: जुना_प्रशिक्षक (सोलापूर)

तुमच्या तीन प्रश्नांपैकी वाऱ्याचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो.

पॉइंट टू टूची (.२२ इंची) साधी, आवाजापेक्षा कमी वेगाची काडतुसे आपण वापरतो. त्यांची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर अंतर सुमारे ०.१६ सेकंदात कापते. एवढ्या अल्प वेळात वारा तिला ढकलून ढकलून किती ढकलणार, असे अनेकांना वाटते. परंतु गोळीचे सरकणे केवळ हवेत राहण्याच्या वेळेवर ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला जो उशीर होतो, म्हणजे वेग जराही कमी झाला नसता तर लागला असता त्यापेक्षा जितका जास्त वेळ लागतो, त्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की सरकण्याचे माप मिळते. आपल्या काडतुसांसाठी ते सेकंदाला १ मीटर वेगाच्या, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यामागे साधारण ६ मिलिमीटर येते. ५० मीटर टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर आहे. याचा अर्थ, सेकंदाला ३ मीटरचा, चेहऱ्याला जेमतेम जाणवेल असा वारासुद्धा मधोमध जाणाऱ्या गोळीला आठच्या घरात नेऊन ठेवतो. तुमच्या उजवीकडच्या गोळ्यांचे कारण हेच असावे.

मग क्लिक दिल्यावर गोळ्या डावीकडे का गेल्या? वारा पडला म्हणून. वाऱ्यासाठी साइट सरकवल्यानंतर वारा क्षणभर थांबला की नेमबाजाला हायसे वाटते आणि नेमक्या त्याच क्षणी तो ट्रिगर ओढतो. ज्या वाऱ्यासाठी क्लिक दिलेल्या असतात तो तेव्हा नसतो, आणि गोळी उलट्या बाजूला जाते.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) मारताना आधी रेंजवरचे वाऱ्याचे झेंडे पाहावेत आणि कोणती स्थिती पुन्हा पुन्हा परत येते ते शोधावे. ती सर्वांत शांत स्थिती असेलच असे नाही. बहुतेक वेळा मध्यम आणि एकाच दिशेचा वाराच सर्वाधिक वेळ टिकतो. त्या स्थितीला साइट लावावी आणि मोजणीच्या गोळ्या फक्त तिच्यातच माराव्यात. वारा वाढला किंवा पडला तर रायफल खांद्यावरून उतरवून थांबावे, आणि बदललेली स्थितीच पक्की झाली असे दिसले तरच क्लिकला हात लावावा. पात्रता फेरीत ६० गोळ्यांसाठी दीड तास मिळतो. पोझिशन बदलण्याचा वेळ त्यातच मोजला जातो हे खरे, तरी प्रोन लवकर आटोपत असल्याने थांबण्यासाठी लागणारी मिनिटे तिथूनच निघतात. पोझिशन बदलताना पुन्हा हवे तितके सायटर मारता येतात, त्यांचाही उपयोग वारा वाचण्यासाठी करावा.

आणखी एक गोष्ट. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळत जाणाऱ्या) नळीतून निघालेली गोळी डावीकडच्या वाऱ्याने उजवीकडे आणि किंचित खाली जाते, तर उजवीकडच्या वाऱ्याने डावीकडे आणि किंचित वर जाते. घड्याळाच्या तबकडीवर चार आणि दहा यांना जोडणारी तिरकी रेष डोळ्यांसमोर आणली की हे लक्षात राहते. केवळ आडव्या क्लिक देणाऱ्यांना मग वर-खाली पडलेल्या गोळ्यांचे कोडे पडते आणि ते उगाचच आपल्या श्वासाला दोष देत बसतात.

उत्तर: निवृत्त_सुभेदार (बार्शी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. थंड हवेचा प्रश्न मात्र बाजूला राहिला आहे, म्हणून त्यावर लिहितो. सेवेत असताना मी ३०० मीटर रायफल खेळलो. तिथे दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते आणि ७.६२ मिलिमीटरची गोळी सेकंदाला १ मीटरच्या आडव्या वाऱ्याने साडेचार ते पाच सेंटीमीटर सरकते, म्हणजे मधून निघालेली गोळी दहाच्या कडेला पोहोचते.

थंडीचे परिणाम तीन आहेत. पहिला, हवा दाट होते. ३५ अंशांवरून ५ अंशांवर आलो तर त्याच दाबाला हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे आणि दिल्ली सव्वादोनशेच्या आत आहे, त्यामुळे आणखी जवळपास ३ टक्के धरावेत. दुसरा, थंड काडतुसातील दारू मंदपणे जळते आणि गोळीचा वेग घटतो. ५० मीटरवर वेग सेकंदाला ५ मीटरने घटला तर गोळी सुमारे ४ मिलिमीटर खाली लागते. ३०० मीटरवर १० मीटरने घटला तर सुमारे २ सेंटीमीटर. म्हणून थंड ठिकाणी पोहोचल्यावर वर-खालीची साइट नव्याने तपासावीच लागते, घरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. तिसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. आवाजाचा वेग ३५ अंशांना सेकंदाला सुमारे ३५२ मीटर असतो आणि ५ अंशांना ३३४ मीटरपर्यंत उतरतो. तुमची ३२५ची गोळी उन्हाळ्यात आवाजाच्या वेगापासून बरीच लांब असते, थंडीत मात्र ती त्याच्या अगदी जवळ जाते आणि त्या टप्प्यात हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. जास्त वेगाची पॉइंट टू टू काडतुसे वाऱ्यात साध्या काडतुसांपेक्षा अधिक सरकतात, त्याचेही कारण हेच आहे. वारा आहे म्हणून वेगवान काडतुसे घ्यावीत, हा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये.

तरीही या सगळ्याचे प्रमाण लक्षात घ्यावे. हवा १४ टक्के दाट झाली तर ६ मिलिमीटरचे जवळपास ७ होतील. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १ मीटरने चुकला तर सहाच्या सहा मिलिमीटर हातचे जातात. थंडीची चिंता एका दिवसापुरती, साइट नव्याने लावेपर्यंत करावी आणि बाकीचे सगळे लक्ष झेंड्यांकडे द्यावे.

झेंड्यांविषयी एवढेच सांगतो की नळीजवळचा वारा टार्गेटजवळच्या वाऱ्यापेक्षा अधिक नुकसान करतो. सुरुवातीलाच गोळीच्या वाटेत जो कोन पडतो, तो पुढच्या सगळ्या अंतरात वाढत जातो. ५० मीटरच्या रेंजवर झेंडे १० आणि ३० मीटरवर असतात. दोन्ही वेगळे बोलू लागले तर १० मीटरच्या झेंड्याचे ऐकावे.

नेम बाजूला धरण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. अपर्चर साइटमध्ये (बारीक छिद्रातून पाहायच्या साइटमध्ये) डोळ्याला वर्तुळात वर्तुळ मधोमध बसवण्याची सवय असते आणि बाजूला धरलेला नेम दर वेळी सारखाच धरला जाईल याची खात्री देता येत नाही. वाट पाहणे शक्य नसेल तेव्हा क्लिक द्यावी. आपल्या साइटची एक क्लिक टार्गेटवर किती मिलिमीटर होते, हे पुस्तिकेत वाचून थांबू नये. शांत हवेत पाच गोळ्या मारून, दहा क्लिक देऊन पुन्हा पाच माराव्यात आणि दोन ग्रुपांच्या (गोळ्यांच्या समूहांच्या) मध्यांतील अंतर मोजून दहाने भागावे.

उत्तर: प्रोन_साठ (पुणे)

सुभेदार साहेबांनी गोळीवरचा थंडीचा परिणाम सांगितला. माझ्या अनुभवात थंडी सर्वांत आधी हात आणि रायफल यांना पकडते, त्याविषयी थोडे लिहिते.

५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नसल्याने आपल्यापैकी बरेच जण तो शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. बधिर बोटाला एवढा हलका ट्रिगर कळत नाही आणि गोळी नेमबाजाच्या मनात येण्याआधी सुटते. मी दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत उजवा हात गरम पाण्याच्या छोट्या पिशवीवर ठेवते आणि बोटाला ट्रिगरचा पहिला टप्पा नीट जाणवला तरच पुढे जाते. जॅकेटच्या आत जाड स्वेटर घालण्याचा मोह आवरावा, कारण आतल्या कपड्यांची एकेरी जाडीही २.५ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. शिवाय त्यामुळे स्लिंगचा (रायफलला आधार देणाऱ्या दंडावरच्या पट्ट्याचा) ताण आणि गालाची बैठक दोन्ही बदलतात. पातळ लोकरीचा एकच थर अंगाला घट्ट बसेल असा घ्यावा आणि सोलापुरात त्याच थरासह सराव करावा, मग इथे कितीही उकडले तरी.

बोल्टमधले (काडतूस आत ढकलून नळी बंद करणाऱ्या भागातले) तेल थंडीत घट्ट होते, फायरिंग पिनचा आघात मंदावतो आणि काडतूस कमी-जास्त पेटते. जाण्यापूर्वी बोल्ट पूर्ण पुसून अगदी पातळ तेलाचा हात फिरवावा. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते, तेही थंडीत कडक होते आणि एखादी गोळी विनाकारण ग्रुपबाहेर जाते. बायथलॉनवाले (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेला खेळ खेळणारे) हिमात, शून्याच्या बरेच खाली याच काडतुसांनी ५० मीटरवर खेळतात. तापमान उणे २० अंशांखाली गेले तर त्यांची शर्यत सुरू केली जात नाही. त्यांच्यासाठी लापुआ कंपनीच्या पोलर बायथलॉनसारखी खास काडतुसे असतात, परंतु दिल्लीतील ७-८ अंशांसाठी त्यांची गरज नाही. आपल्याच लॉटची (एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांची) डबी थंड फरशीवर न ठेवता मॅटवर ठेवावी आणि वाट पाहताना काडतूस चेंबरमध्ये भरून ठेवू नये, इतके पुरते.

रायफल गरम खोलीतून एकदम बाहेर काढली किंवा बाहेरून आत आणली की काचेवर आणि धातूवर दव धरते. रेंजवर लवकर पोहोचून पेटी बंद ठेवूनच तिला हवेशी जुळू द्यावे. उच्छ्वास मागच्या साइटवर जाऊन तिच्या फिल्टरची काच धूसर होते, यासाठी नेम धरण्यापूर्वीचा शेवटचा श्वास मान थोडी वळवून सोडणे मला उपयोगी पडते.

वाट पाहण्याविषयी एक छोटा मतभेद नोंदवते. प्रोनमध्ये थांबणे परवडते. स्टँडिंगमध्ये थंड वाऱ्यात उभे राहून वाट पाहिली तर शरीर कापू लागते आणि वाचवलेले गुण तिथेच जातात. स्टँडिंगला मी वाऱ्याची मोठी मर्यादा स्वीकारते आणि कमी थांबते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा ६०० पैकी ५९७ गुण घेतले होते. साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गेले! उघड्या रेंजवरच्या प्रोनमध्ये अशी गुणसंख्या वारा वाचल्याशिवाय उभी राहत नाही.

माळावरचा_नेमबाज

प्रशिक्षक सर, सुभेदार साहेब आणि ताई, तिघांचे मनापासून आभार. क्लिक दिल्यानंतर मी वाऱ्याच्या पडत्या क्षणी गोळ्या मारत होतो का, हे आता डायरीतील नोंदींशी ताडून पाहीन. सोलापुरातील तयारीचा प्रश्न मात्र राहिला. येथे हिवाळ्यातली पहाट १५ अंशांच्या आसपास असते आणि दुपार तिशीत जाते, त्यामुळे तशी थंडी मिळणे शक्य नाही.

जुना_प्रशिक्षक

थंडी मिळणार नाही, वारा मिळेल. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे हवा स्तब्ध असते आणि ऊन चढू लागले की नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा हलू लागतो. लहर दिसू लागण्याआधीचा हाच तास तुमच्या कामाचा आहे, कारण दिल्लीत लहर नसते तशी ती तेव्हा इथेही नसते.

यासाठी रायफल लागत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने मोकळ्या रानात १० आणि ३० मीटरवर दोन काठ्या रोवा, त्यांना झेंडे बांधा आणि चटईवर प्रोनच्या उंचीवर पडून राहा. हातातला छोटा वारामापक शेजारी ठेवा. झेंडा पाहून आधी वेगाचा अंदाज मोठ्याने बोला, मगच मापकाकडे पाहा आणि दोन्ही आकडे लिहा. झेंडा कितपत उचलला गेला की वेग किती, हे थोड्याच दिवसांत नजरेत बसते. शेजारी कणसांवर आलेली शाळू ज्वारी असेल तर आणखी उत्तम. वाऱ्याचा झोत पिकावरून सरकत येताना दोन-तीन सेकंद आधी दिसतो आणि येणारा वारा ओळखण्याची सवय लागते. नंतर त्याच मांडणीत मनातल्या मनात गोळी मारण्याचा क्षण निवडा आणि तो निवडताना वारा खरोखर तुमच्या ठरलेल्या स्थितीत होता का, हे मापकावर पडताळा.

माळावरचा_नेमबाज

सर, झेंड्यासाठी कोणते कापड घ्यावे? घरी यंत्रमागाचा व्यवसाय आहे, हवे तसे कापड मिळू शकते.

जुना_प्रशिक्षक

मग फारच सोपे आहे. ५० मीटर रेंजचा झेंडा ५० मिलिमीटर रुंद आणि ४०० मिलिमीटर लांब असतो आणि कापड सुती किंवा पॉलिस्टर, साधारण १५० जीएसएमचे (चौरस मीटरला १५० ग्रॅमचे) धरतात. टॉवेलचे किंवा चादरीचे कापड घेऊ नका, ते मंद वाऱ्यात उचललेच जात नाही. उलट फार झिरझिरीत घेतले तर ते कोणत्याही वाऱ्यात आडवे होते आणि वेगातला फरक दाखवत नाही. कडा दुमडून शिवू नका, शिवणीने वजन वाढते. आणि झेंडा गोळीच्या वाटेच्या उंचीवर येईल अशी काठी घ्या, कारण जमिनीलगतचा वारा वरच्यापेक्षा बराच मंद असतो.