पारंपरिक धनुष्याच्या दोरीवर पितळी कडी नकोच, दोऱ्याचा नॉकिंग पॉइंट बांधा. पटतंय का?

धागाकर्ता (खानापूर रोड)

गेल्या रविवारी आमच्या सरावाला नववीतली एक पोरगी आली होती. तयार विकत आणलेली नवी दोरी, तिच्यावर पितळेची कडी चेपून बसवलेली. तासाभरात तिच्या टॅबच्या (बोटं वाचवायला घालतात त्या पट्टीच्या) चामड्याला तर्जनीच्या कडेला चीर पडली. कडी बघितली तर कुणीतरी घरातल्या साध्या पकडीनं दाबलेली. गोल राहिलीच नव्हती. चपटी होऊन दोन कोपरे आले होते आणि त्यातला एक बरोबर बोटाच्या बाजूला. कडी उघडून काढली तेव्हा खालच्या सर्व्हिंगचे (दोरीच्या मधल्या भागावर गुंडाळलेल्या दोऱ्याचे) तीन-चार वेढे तुटून आले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: बाणाची खाच दोरीवर दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून तिथं जो अडथळा करतात तो नॉकिंग पॉइंट. आपण उघड्या धनुष्यानं, नेम धरायच्या कसल्याही सोयीशिवाय मारतो. बाणाचं शेपूट आज इथं आणि उद्या दोन मिलिमीटर खाली असलं तर बाण वरखाली जातो आणि आपण दोष हाताला देतो.

माझं मत सरळ आहे. लाकडी, बांबूच्या धनुष्यावर पितळ नको. एक म्हणजे ते बोट आणि सर्व्हिंग दोन्ही खातं. दुसरं म्हणजे वजन. शहापुरातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तीन कड्या ठेवल्या, तर काटा ग्रॅमच्या जरा अलीकडं थांबला. एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन, म्हणजे एक कडी साधारण पाच ग्रेनची. कमी वाटेल, पण दोरीचा मधला भागच सगळ्यात वेगानं पुढं येतो आणि वजन नेमकं तिथंच लटकतं. तिसरं म्हणजे दोरा दोन-पाच रुपयांचा, आणि बांधायला शिकलं की जन्माचं काम झालं.

मी असं बांधतो: मेण लावलेला दोरा, पुढून एक अर्धी गाठ, मागून एक, पुन्हा पुढून, अशा दहा-बारा. शेवटी सुपरग्लूचा थेंब. झालं.

उद्यमबागवाला

नाही पटत.

मी दर शनिवारी आठ-दहा पोरांना शिकवतो. धनुष्यं पाच. एक पोरगं एक बोट वर, दोन खाली धरून ओढतं, दुसरं तिन्ही बोटं बाणाखाली ठेवतं. पहिल्याला पॉइंट गुण्यावर (दोरीला लावून काटकोनापासून उंची मोजायची पट्टी) 10-12 मिलिमीटर वर लागतो, दुसऱ्याला 16 किंवा त्याहून वर. पितळी कडी मी अर्ध्या मिनिटात सैल करून सरकवतो आणि परत दाबतो. तुमची सुपरग्लू लावलेली गाठ ब्लेडनं कापायची, नवी बांधायची, आणि ब्लेड सर्व्हिंगला लागलं तर सर्व्हिंगही नवं. तोवर पोरं मोबाईल काढून बसतात.

आणि त्या टॅबचा दोष कडीचा कसा? साध्या पकडीनं दाबल्याचा आहे. कडी दाबायची पकड वेगळी असते, तिच्या जबड्याला गोल खाच असते. चांगल्या कडीच्या आत मऊ अस्तरही असतं. ती गोल दाबली तर सर्व्हिंगला काही होत नाही. हत्यार चुकीचं वापरायचं आणि शिव्या पितळेला, ही कुठली रीत?

पाच ग्रेनचं म्हणाल तर आपण 15 मीटरवर गवताच्या पेंढीवर मारतो. तिथं वेग कुणाला मोजायचाय?

जांबोटीवाला

कशाला एवढा पसारा? आमचे आजे तिरकमठा घेऊन रानात जायचे तेव्हा दोरीवर काय बी बांधलेलं नव्हतं. नजरेनं बाण लावायचा, ओढायचा, सोडायचा. पारंपरिक म्हणता आणि पितळ की दोरा यावर भांडता.

धागाकर्ता (खानापूर रोड)

आज्यांचा मान राखून सांगतो दादा, ते आठ-दहा पावलांवरून मारत असतील. आणि दोरीवर काही नसणं हीच परंपरा असं कुणी सांगितलं? जपानी धनुर्विद्येत, म्हणजे क्यूदोत, दोरीच्या त्या जागेवर अंबाडीसारखे धागे डिंक लावून गुंडाळतात आणि दोन लाकडी ठोकळ्यांत धरून घासून गोल करतात. त्याला नाकाजिकाके म्हणतात. बाणाची खाच त्यावर घट्ट बसेल इतका तो भाग जाड करायचा. म्हणजे जागा धरून ठेवायची गरज जुनीच आहे. पितळ मात्र नवं.

वडगावची वहिनी

मी धनुष्य धरत नाही, मुलगा धरतो. पण आमच्या घरात माग आहे, त्यामुळं दोऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

धागाकर्ता भाऊजी, तुमची पद्धत दोन ठिकाणी चुकते असं मला वाटतं.

पहिलं, दोरा कुठला? मुलानं पहिल्यांदा घरातला सुती दोरा बांधला. पावसाळ्यात कणकुंबीला शिबिराला गेला. तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, मलप्रभा उगमते ती जागा. ओला झाला की सुती दोरा फुगून घट्ट बसतो आणि वाळला की सैल. परत आला तेव्हा गाठ दोरीवर बांगडीसारखी फिरत होती. पॉलिस्टर किंवा नायलॉन घ्या. निपाणी-चिकोडीकडं चपला शिवणाऱ्यांकडं मेण लावलेला दोरा मिळतो, तोही चांगला. फक्त फार जाड नको, नाहीतर गाठीचा लाडू होतो.

दुसरं, ती सुपरग्लू. सुती दोऱ्यावर टाकून बघा एकदा, लगेच गरम होतं, हाताला चटका बसतो. पॉलिस्टरवर तसं होत नाही, पण वाळली की काचेसारखी कडक. चार दिवसांनी तडकते आणि तिच्या धारदार कडा राहतात. म्हणजे पितळेचा कोपरा काढून सुपरग्लूचा कोपरा घातला.

शेवट गोंदावर सोडू नये. शेवटच्या पाच-सहा वेढ्यांखाली दोऱ्याचा वेगळा दुमडलेला फास ठेवायचा, मोकळं टोक त्या फासात घालायचं, फास ओढायचा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. दोन्ही टोकं दोन मिलिमीटरवर कापायची आणि लायटरची ज्योत लांबून दाखवायची. पॉलिस्टर वितळून बारीक गोळी होते, ती नखानं चपटी दाबायची. ज्योत दोरीला मात्र लागू द्यायची नाही.

निपाणीकर

वहिनी, फासाची युक्ती लई भारी. आमचे लोक भिंगरीची मूठ अशीच गुंडाळायचे.

पण तुम्ही सगळे पितळ की दोरा यावर अडकलाय आणि खरी चूक उंचीची आहे. माझीच सांगतो. डेक्रॉनची (पॉलिस्टरची) 14 पदरी दोरी, बाण थेट शेल्फवर, म्हणजे मुठीवरच्या खाचेच्या कठड्यावर, ठेवून मारणारा मी. पिसं नसलेला बाण मारून बघितला तर शेपूट वर करून पेंढीत घुसला. सगळीकडं लिहिलेलं असतं की शेपूट वर म्हणजे पॉइंट वर, खाली घ्या. मी खाली घेतला. आणखी वाईट. आणखी खाली घेतला. दोन आठवडे हाच खेळ. एक दिवस शेल्फवरच्या चामड्याकडं लक्ष गेलं: मागच्या बाजूला काळा पट्टा, आणि बाणांचं खालचं पीस कडेला झिजलेलं. पॉइंट आधीपासूनच इतका खाली होता की सुटताना शेपूट शेल्फवर आपटून वर उडत होतं. दिसत होतं उलटंच.

तेव्हापासून मी वरून सुरू करतो. आधी 16 मिलिमीटरवर बांधायचं, मग थोडं थोडं खाली यायचं, शेपूट सरळ झालं की थांबायचं. खालून वर जायचं नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी दोरी चढवून मूठ-अंगठा अंतर (धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचं) बघा. नवी दोरी पहिल्या शे-दीडशे बाणांत ताणते. त्याआधी पॉइंट पक्का केला तर परत मोजायची वेळ येणारच.

उद्यमबागवाला

निपाणीकर, तुम्ही माझीच बाजू मांडली. थोडं थोडं खाली यायचं म्हणता, ते दोऱ्यानं कसं करणार? दर वेळी कापून बांधणार? पितळ सरकवा, मारा, सरकवा, मारा. उंची ठरवायचं काम पितळेचंच.

वडगावची वहिनी

कापायला कशाला लागतं? फिरवायचं.

सर्व्हिंग म्हणजे दोरीभोवती एकाला एक चिकटलेले वेढेच ना? त्याला आटे असतात. वर बांधलेली गाठ घट्ट पण गोंद न लावलेली असेल तर तिचा आतला दोरा त्या आट्यांत बसतो. बोटात धरून गोल फिरवली की एका बाजूला वर जाते, दुसऱ्या बाजूला खाली. सरळ ढकलली तर हलत नाही. मुलगा तसंच करतो.

उद्यमबागवाला

थांबा. म्हणजे बोल्टवरची नट?

वडगावची वहिनी

नट म्हणा की.

उद्यमबागवाला

आत्ता शेडमध्ये करून बघितलं. 0.021 इंची सर्व्हिंग दोरा आहे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण अर्धा मिलिमीटर यायला पाहिजे. कॅलिपर लावला. दहा फेऱ्यांत पाचला थोडं जास्त सरकली. कडी सरकवताना मी डोळ्यानं मिलिमीटरभर इकडंतिकडं करतो, इतकं बारीक माझ्याच्यानं कधी झालं नव्हतं. वीस वर्षं लेथवर आटे पाडतोय आणि हे सुचलं नाही.

तरी दोन गोष्टी. एक, नट सैल होते तशी ही पण होणार. पोरं बोटानं खेळत बसतात, त्यांना फिरतंय कळलं तर संपलंच. दोन, सर्व्हिंगच सैल असेल तर? गाठ जागेवर राहील आणि सर्व्हिंग तिला घेऊन खाली सरकेल. आमच्या पाचातल्या दोन दोऱ्यांचं तसंच आहे. तिथं पितळ लावा की सोनं लावा.

धागाकर्ता (खानापूर रोड)

सर्व्हिंगचं खरं आहे, ते आधी ताणून परत गुंडाळायला पाहिजे. वहिनी, सुपरग्लूबाबत कान पकडले. माझ्या दोन्ही धनुष्यांवरची गाठ तपासली, एकीला खरंच तडा गेलाय.

उंची ठरेपर्यंत गोंद नाही, फिरवून लावायची. ठरली की वर-खाली दोन-दोन घट्ट गाठी मारून अडवायची. एवढ्यावर तरी जमलं म्हणायचं.

शहापूरकर

खाली पण गाठ हवी का? माझ्या बाणाच्या वर एकच आहे.

निपाणीकर

हवी. वर एकच असेल तर बाणाला खाली सरकायला रान मोकळं. बोटं ओढताना दाबतात, सुटताना खाच घसरते. फक्त दोन्हींच्या मध्ये बाणाची खाच कडेकोट अडकवू नका. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन टोकदार होतो आणि वरची-खालची गाठ खाचेला चिमटा काढते. 68 इंची लांब धनुष्याला केसभर जागा पुरते, 50-52 इंचीला त्याहून जास्त सोडावी लागते. जागतिक नियमांतही दोरीवर एक किंवा दोन लोकेटर (असे नॉकिंग पॉइंट) चालतात, त्यामुळं स्पर्धेची काळजी नको.

खाचही तपासा. बाण दोरीला लावून टोक जमिनीकडं लटकवा. लटकून राहिला पाहिजे, आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीनं पडत नसेल तर सर्व्हिंग जाड झालंय.

जांबोटीवाला

टिचकीचं करून बघितलं. माझा बाण लटकतच नाही, लावला की खाली. आता काय?

धागाकर्ता (खानापूर रोड)

दादा, मग आजवर तुम्ही बाण दोरीवर चिमटीनं धरूनच ओढत होता. रविवारी या, त्या जागेवर एक थर गुंडाळून देतो. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंडला (आपल्याकडच्या स्पर्धेतला प्रकार) पोरं 50 आणि 30 मीटर मारतात, नुसत्या नजरेनं तिथं भागत नाही.

जांबोटीवाला

येतो. पण पितळ लावायचं नाही.

उद्यमबागवाला

पोरांच्या पाच धनुष्यांवर पितळच राहणार, हे आत्ताच सांगूलालोय. गोल खाचेची पकड मी आणतो, ज्याला चपटी कडी नीट करून घ्यायची त्यानं दोरी घेऊन या. माझ्या स्वतःच्या धनुष्याला मात्र वहिनींची नट बांधलीय. काळा दोरा होता, तो गर्द सर्व्हिंगवर दिसतच नाही. वहिनी, पिवळा मिळेल का?

वडगावची वहिनी

पिवळा, केशरी, हिरवा, सगळे आहेत. रीळ पाठवते मुलाबरोबर. पकडीच्या शेजारी ठेवू नका, ग्रीस लागेल.