फक्त सुपरमार्केटच्या ऑफरवर तिघांचा महिना निघेल का? (सोलापूर)

रूमवाला_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं जुळे सोलापूरला रूम करून राहतोय, दोघं एमआयडीसीत कामाला अन् एक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलाय. मेसचे पैसे वाढतच चाललेत अन् भाजी म्हणजे नुसता रस्सा, म्हणून आता स्वतः करून खायचं ठरवलंय. गॅस, कुकर, तवा एवढंच सामान आहे, फ्रिज नाही. तर माझ्या डोक्यात असं आहे की सुपरमार्केटमध्ये कायम काही ना काही ऑफर असतेच, एकावर एक फ्री, निम्म्या किमतीत, कॉम्बो वगैरे, मग ज्याच्यावर ऑफर असेल तेवढंच घ्यायचं अन् त्यातच महिना काढायचा. परवा जाऊन बघितलं तर नूडल्स, सॉस, कॉर्नफ्लेक्स, बिस्किटं, इन्स्टंट मिक्स यांच्यावर भरपूर सूट होती, डाळ-तांदळावर मात्र फारसं काही दिसलं नाही. कुणी असं करून बघितलंय का? खरंच पैसे वाचतात का? आमच्या अभ्यासवाल्या पोराच्या पोटाची आबाळ व्हायला नको, आत्ताच दुपारी जेवला की त्याला पुस्तकावर झोप येते, मला त्याचीच जास्त काळजी आहे.

सातरस्ता_काकू
बाळा, तू जी यादी दिलीस त्यातलं एक तरी जेवण आहे का सांग बघू. सगळा खाऊ आहे तो. नूडल्सचं पाकीट खाऊन पोराला तासाभरात परत भूक लागणार, मग तो खाली जाऊन वडापाव खाणार, तो खर्च कुणी धरायचा? आधी तिघांना महिन्याला ज्वारी किती, तांदूळ किती, तूरडाळ, मूगडाळ, मटकी, शेंगदाणे, तेल, तिखट-मीठ किती लागतं ते कागदावर लिहून काढ. त्या कागदावर जे आहे त्याच्यावर ऑफर दिसली की दोन महिन्यांचं उचल, त्याच्या बाहेरचं कितीही स्वस्त असू दे, हात लावू नकोस. मी घरात असंच करते. तेल, साखर, चहा, पोहे, रवा, कपड्याचा साबण, भांड्याचा बार एवढं मॉलमधून घ्यायला परवडतं, खास करून २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अन् दिवाळीच्या आधी. भाजी मात्र मंडईतली. लक्ष्मी मंडई नाहीतर कस्तुरबा मंडईत संध्याकाळी उशिरा जा, मेथी-पालक-कोथिंबिरीच्या जुड्या राहिलेल्या असतात त्या भाव पाडूनच देतात की ओ, दुसऱ्या दिवशी त्यांच्या काय कामाच्या? तुमच्याकडं फ्रिज नाही म्हणजे रात्री आणायची अन् लगेच करून टाकायची.

माल_लावणारा
मी काही वर्षं एका मोठ्या दुकानात रॅक भरायच्या कामाला होतो, नाव घेत नाही, त्यामुळं ऑफर कशी लागते ते सांगतो. एक म्हणजे रॅकच्या टोकाला, जिथून वळताना नजर जातेच, तिथं रचलेला माल बहुतेक कंपनीनं त्या जागेचे पैसे देऊन लावलेला असतो, तो स्वस्तच असतो असं नाही. दुसरं, साखर, तेल असल्या रोजच्या दोन-चार वस्तूंवर दुकान मुद्दाम कमी मार्जिन ठेवतं, कधी कधी तोटासुद्धा सोसतं, कारण त्यासाठी आलेला माणूस बाकीची ट्रॉली भरून जातो. तुम्ही तेवढ्या दोन-चार वस्तूच घेऊन सरळ काउंटरला गेलात तर फायदा तुमचा.

सूट किती टक्के लिहिलीय ते बघूच नका, ती एमआरपीवर काढलेली असते अन् बऱ्याच वस्तू एमआरपीला कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा विकत नाही. वजन बघा. तेलाचा पाऊच हातात घेऊन खालच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा, कुठं ९१० ग्रॅम म्हणजे एक लिटर असतं, कुठं ८५०, कुठं ८०० ग्रॅम, अन् लांबून सगळे सारखेच दिसतात. समजा ९१० ग्रॅमचा १४० ला आहे अन् ८०० ग्रॅमचा ऑफरमध्ये १२८ ला, तर पहिला किलोला साधारण १५४ पडला अन् ऑफरवाला १६०. आता पाकिटावर युनिट सेल प्राइस छापावी लागते, म्हणजे ग्रॅमला किंवा मिलीला किती पडतं ते, पण तीसुद्धा एमआरपीवरच काढलेली असते, ऑफरचा हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करायचा.

अजून एक, रॅकवरच्या चिठ्ठीचा दर अन् बिलातला दर जुळतोय का ते काउंटरवरच बघा. ऑफर संपून गेलेली असते अन् चिठ्ठी तशीच राहते, हे लई वेळा होतं. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला असेल तर काउंटरवर बोलता येतं, नाही ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मंगळवेढेकर
सोलापुरात राहून कॉर्नफ्लेक्स कशाला खाताय राव. आपल्याकडची मालदांडी ज्वारी खा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी आहे मंगळवेढ्याची. रब्बीची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चपासून नवीन माल येतो, तेव्हा वर्षाची नाही तर निदान चार महिन्यांची भरून ठेवा. तूरसुद्धा साधारण त्याच्या आगेमागेच येते. तिघांना दोन्ही वेळ भाकरी म्हटली तर महिन्याला वीसेक किलो ज्वारी धरा.

आता पोरांना भाकरी थापता येत नाही म्हणाल तर कडक भाकरी घ्या, बचत गटाच्या बायका करून विकतात, महिनाभर काही होत नाही तिला अन् फ्रिज लागत नाही. शेंगाची चटणी, कच्चा कांदा अन् दही. त्याच्यापुढं कुठली ऑफर टिकणार? अन् सुट्टं धान्य घेण्यात अजून एक फायदा आहे, १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्ट्यावर तो नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला तिघांनी मिळून कट्टा म्हणजे पोतंच घेतलं तर दर अजून खाली येतो. गावाकडं रेशनकार्डावर नाव असेल तर तेही विसरू नका, अंत्योदय अन् प्राधान्य कार्डाला धान्य फुकट आहे, असलं कार्ड कुठल्याही गावचं असलं तरी इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं.

विजापूररोड_एकटा
सगळे ऑफरच्या विरोधात बोलायलेत म्हणून लिहितो. मी एकटा राहतो अन् माझं निम्मं सामान ऑफरचंच असतं, व्यवस्थित चाललंय. फक्त मोबाईलमध्ये एक नोट ठेवलीय, त्यात प्रत्येक वस्तूचा मला मिळालेला सगळ्यात कमी दर लिहिलाय, किलोचा. तूरडाळ, चणाडाळ, तांदूळ, तेल, सोयाबीन वडी, ओट्स. दुकानात गेलो की चिठ्ठीवरचा दर नोटशी ताडून बघतो, त्याच्या खाली असला तरच घेतो, नाहीतर मागं फिरतो. लहान पाकिटाची मोठ्या पाकिटाशी तुलना करा, मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं काही नसतं, विशेषतः ऑफरच्या दिवसांत.

अन् अभ्यासवाल्या पोरासाठी सोयाबीन वडी घ्या भावा. १०० ग्रॅमला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन असतं, वाळलेली असते त्यामुळं फ्रिजचा प्रश्न नाही, अन् कंपन्यांमध्ये चढाओढ असल्यानं तिच्यावर एकावर एक फ्री येत राहतं. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, दोनदा पिळली की तो वास जातो, मग काळा मसाला घालून रस्सा. दुपारची झोप बहुतेक भाताच्या डोंगरामुळं येत असणार, भात निम्मा करून उसळ वाढवा.

रूमवाला_जुळेसोलापूर
सगळ्यांचे आभार, काकू तुमचे विशेष. कागद करायला घेतलाय. दोन शंका राहिल्या. रात्री दुकान बंद व्हायच्या आधी दही, पनीर, ब्रेड निम्म्या किमतीत देतात, तारीख जवळ आलेली असते, ते फ्रिजशिवाय घ्यावं का? अन् उन्हाळ्यात डाळ-शेंगदाणे भरून ठेवले तर टिकतील का? रूम पत्र्याची आहे.

सातरस्ता_काकू
पनीर त्याच रात्री करणार असाल तरच घ्या, सकाळवर ठेवायचं नाही. दही आंबट झालं तर कढी करा, फुगलेला डबा मात्र उचलायचाच नाही. ब्रेड दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजून चालतो, बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खा टाकून द्या, तेवढाच तुकडा काढून उरलेला खाऊ नका. तारखेतसुद्धा फरक असतो, बेस्ट बिफोर उलटली तर चव-कुरकुरीतपणा कमी होतो, पण एक्सपायरी किंवा यूज बाय लिहिलेलं असेल तर त्या तारखेनंतर खायचं नाही.

पत्र्याची रूम असेल तर शेंगदाणे अजिबात भरू नका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दाणे खवट होतात अन् एकदा खवट झाले की चटणीत लसूण कितीही घाला, तो वास लपत नाही. पंधरा दिवसांचे आणा, कच्चेच ठेवा, लागतील तसे भाजा. तूरडाळीला कडक ऊन दाखवून, थंड झाल्यावर थोडं एरंडेल चोळून पत्र्याच्या डब्यात ठेवली तर कीड लागत नाही, शिजवायच्या आधी गरम पाण्यानं धुवायची. ज्वारीत कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घाला. पीठ मात्र आठवड्याचंच दळून आणा, ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरा पडतात अन् मग तुम्ही पोरं कंटाळून परत नूडल्सकडं जाल.