पुढच्या चाकांकडून खडखडाट : स्टिअरिंग रॅक खरोखरच बदलावा लागेल का?

जांबोटीकर

नमस्कार. माझ्याकडे के.ए. २२ पासिंगची, २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले) सस्पेन्शन आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. जांबोटी ते बेळगाव हा नित्याचा रस्ता असून अधूनमधून कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणेही होते. पावसाळा संपल्यापासून उखडलेल्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवताना डाव्या बाजूने कोरडी खडखड ऐकू येते. वेग वाढला की ती टायरच्या आवाजात बुडून जाते. याशिवाय ब्रेक दाबून गाडी थांबताना एकदाच ‘धप्प’ असा आवाज होतो. स्टिअरिंग जागेवर फिरवले तर मात्र काहीही ऐकू येत नाही.

गॅरेजमध्ये दोन्ही स्ट्रट नवे बसवून घेतले, तरी खडखड तशीच राहिली. आता रॅक (स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलावा लागेल असे सांगण्यात आले आहे. रॅकची किंमत पाहता गाडी विकून टाकावी असाही विचार मनात येतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमबाग

रॅकचे पैसे मोजण्याआधी एका गोष्टीकडे लक्ष द्या. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून गाडी सरळ नेल्यास, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकदमच वर चढल्यास, खडखड होते का, की फक्त एक चाक खड्ड्यात उतरल्यावरच होते?

विचारण्याचे कारण असे की दोन्ही चाके एकत्र वर-खाली झाली तर स्टॅबिलायझर बार (गाडीचे झुकणे कमी करणारा, दोन्ही बाजू जोडणारा आडवा दांडा) आपल्या रबरी बुशांमध्ये नुसता फिरतो आणि त्याच्या लिंक रॉडवर (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर) फारसा भार येत नाही. एकच चाक खाली गेले की बार पिळला जातो आणि तो सगळा जोर लिंक रॉडच्या दोन टोकांच्या छोट्या बॉल जॉइंटवर येतो. त्यांचे रबरी बूट फाटून आत पाणी आणि तांबडी माती गेली की ग्रीस संपते, आणि तुम्ही लिहिली आहे तशीच कोरडी खडखड सुरू होते. आपल्या भागातल्या पावसात हे बूट फार काळ तग धरत नाहीत, हे खानापूरकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड पूर्ण काढून ठेवा आणि त्याच खराब रस्त्यावर थोडे अंतर सावकाश जाऊन या. खडखड गेली तर दोषी सापडला. मात्र लिंक रॉड नसताना वळणावर गाडी जास्त झुकते, त्यामुळे त्या अवस्थेत वेगाने किंवा घाटात मुळीच जाऊ नये. ब्रेकच्या वेळचा ‘धप्प’ बहुधा वेगळ्या जागेचा आहे. दोन आवाजांचे मूळ एकच असेल असे धरून चालले की माणूस भलताच भाग बदलून बसतो.

निपाणी गाडीवाला

वरील मताशी सहमत आहे. तरीही रॅकची शंका राहू नये म्हणून पुढची तपासणी करून घ्यावी. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला टाय रॉडच्या (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या टोकावर बोटे ठेवायला सांगा. तिथे हालचाल नसेल तर रॅकचा रबरी बेलो (घडीदार आवरण) हलकेच दाबून आतला जॉइंट चाचपावा. पुष्कळदा हा आतला जॉइंटच गेलेला असतो आणि तो रॅक न बदलता स्वतंत्रपणे मिळतो.

त्यानंतर चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा. ढिलाई असेल तर ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ती नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग, कायम राहिली तर लोअर आर्मचा (चाक खालून गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या आर्मचा) बॉल जॉइंट संशयित ठरतो. या सर्वांत हयगय करू नये असा भाग हाच आहे, कारण तो निखळला तर चाक आडवे पडते.

जांबोटीकर

दोघांचेही आभार. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली तर आवाज येत नाही. लिंक रॉड काढून पाहिले, खडखड पूर्ण थांबली. डाव्या लिंक रॉडचा खालचा जॉइंट हाताने सहज डुलत होता आणि त्याच्या बुटात ओली माती भरलेली होती. चाके हलवून पाहिली, ढिलाई कुठेच नाही. परंतु ब्रेकचा ‘धप्प’ कायम आहे आणि रिव्हर्स घेताना क्लच सोडल्यावरही तो होतो.

उद्यमबाग

म्हणजे रॅक निर्दोष ठरला. लिंक रॉड जोडीनेच बदला.

‘धप्प’च्या बाबतीत पहिला संशय लोअर आर्मच्या मागच्या बुशावर घ्यावा. ब्रेक लागताच चाक मागे ओढले जाते आणि रबर फाटलेले असेल तर आर्म तेवढा सरकून आदळतो. बुश आणि सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेला असतो तो सांगाडा) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचकटा. रबराची चीर उघडताना दिसेल. तिथे काही आढळले नाही तर इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसवलेले असते ते रबरी आधार) पाहावे, कारण क्लच सोडताना होणारा धक्का तिकडूनही येऊ शकतो.

बुश बदलावा लागला तर मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. या बुशांचे रबर धातूला चिकटवलेले असते. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचा पाना फिरवावा आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी.