डेलिगेट म्हणजे गॅरेजवाल्याकडे ठेवलेला नंबर

‘मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) थेट कॉल करता येते, मग मध्ये हे डेलिगेट कशाला?’ हा प्रश्न सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना मलाही पडला होता.

कोथरूडच्या गॅरेजात गाडी टाकली की आपण दर अर्ध्या तासाने ‘झाली का हो?’ विचारायला जात नाही. (गेलो तर काय ऐकावं लागेल, हे पुणेकरांना सांगायला नको.) नंबर लिहून देतो, गाडी झाली की फोन येतो. तो नंबर म्हणजे डेलिगेट, कोणती मेथड बोलवायची हे धरून ठेवणारी वस्तू. फोन कोण उचलतंय याच्याशी गॅरेजवाल्याला घेणंदेणं नाही. अट एकच, मेथडचे पॅरामीटर (आत जाणारी माहिती) आणि रिटर्न टाइप (परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार) डेलिगेटशी जुळायला हवेत.

खरी गंमत += मध्ये, म्हणजे डेलिगेटला आणखी मेथड जोडण्यात आहे. एका डेलिगेटला तीन मेथड जोडल्या की तिन्ही ओळीने चालतात. पण रिटर्न व्हॅल्यू हाती लागते ती शेवटचीच, आणि मधलीने एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) टाकलं की पुढच्या राहिल्याच. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत मी फॉर्म उघडताना += लिहिलं आणि बंद करताना ती जोडणी काढणारं -= विसरलो. दुपारपर्यंत एका सेव्हला सात मेसेज बॉक्स! शिवाय बंद केलेले फॉर्म मेमरीतून हलेनात, कारण ज्या ऑब्जेक्टच्या इव्हेंटला (घटना कळवणाऱ्या डेलिगेटला) ते जोडले होते, त्याने त्यांचा रेफरन्स (पत्ता) धरून ठेवलेला.

कोणीच जोडलेलं नसेल तर डेलिगेट नल (रिकामं) असतं, म्हणून ?. (नल नसेल तरच पुढे जा) लावून इन्व्होक म्हणजे कॉल करा. २०१५ च्या सी शार्प ६ पासून ती सोय आहे. स्वतःचा डेलिगेट टाइप मात्र आता क्वचितच लिहावा लागतो, अ‍ॅक्शन आणि फंक या तयार डेलिगेट टाइपवर भागतं.