मदत हवी आहे : गव्हाच्या ओंब्यांचे तोरण पेरणीपर्यंत कसे टिकवावे?

सप्रेम नमस्कार. सांवेरजवळच्या आमच्या शेतात कापणीच्या पहिल्या दिवशी निवडक ओंब्या विळ्याने कापून त्यांचे तोरण इंदूरच्या घराच्या दाराला बांधतात आणि कार्तिकातल्या पेरणीत त्यातलेच मूठभर दाणे बियाण्यात मिसळतात. आजीने जपलेली ही रीत, आता शेतात हार्वेस्टर फिरत असला तरी, मला मनापासून चालू ठेवायची आहे.

अडचण अशी की पावसाळ्यात ओंब्यांना सोंडे लागतात आणि दिवाळीपर्यंत नुसती कुसळे उरतात. ओंब्या सावलीत वाळवल्या, तोरणात कडुनिंबाचा पाला गुंफला, पावसाळ्यात ते उतरवून बंद डब्यातही ठेवले. डब्यात तर बुरशी धरली. घरात लहान मुले असल्यामुळे विषारी औषध नको, आणि दाणे उगवायला हवेत म्हणून भट्टीत तापवणेही शक्य नाही. गहू लोकवन आहे. होळीत भाजतो त्या हिरव्या ओंब्या यासाठी फारच कोवळ्या असतात, हे ठाऊक आहे.

तेव्हा दाणा नुकताच घट्ट होऊ लागला असताना ओंबी कापली तर ती कमी गळेल का, तशा दाण्याची उगवण पेरणीपर्यंत टिकेल का, आणि आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत कीड व बुरशी दोन्ही टाळण्यासाठी तोरण नेमके कशात ठेवावे?